इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगकडे वळायचंय: पुन्हा बॅचलर्स, की थेट मास्टर्स?

नीलाई
नमस्कार मंडळी. माझी पदवी भौतिकशास्त्रातली. शिक्षण संपल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये शिरले आणि तिथेच राहिले. काम बरं आहे, पण सौरऊर्जा, इन्व्हर्टर, ग्रिड या गोष्टींनी मनात घर केलंय. फावल्या वेळात वाचते तेही हेच. तेव्हा इलेक्ट्रिकलकडे वळायचं हे नक्की आहे, त्याबद्दल शंका नाही.

गाडी अडलीय ती कुठल्या पातळीवरून सुरुवात करावी इथे. घरचे म्हणतात, एक पदवी आहेच, आता पुढची घे, मागे कशाला जातेस? ऑफिसातले एक सहकारी मूळचे इलेक्ट्रिकलचे, ते म्हणतात पाया नसेल तर मास्टर्स म्हणजे नुसता कागद. आणखी एका ओळखीच्यांनी डिप्लोमा सुचवला, लवकर हाताला काम मिळतं म्हणून. तिन्ही मतं मला पटतात आणि म्हणूनच काही ठरत नाही. ज्यांनी असा बदल केलाय किंवा जवळून पाहिलाय त्यांनी कृपया लिहा.

चुंबकसूची
पातळीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी हे सांगा, की तुम्हाला नेमकं काय काम करायचंय? "इलेक्ट्रिकल" हे फार मोठं घर आहे. सबस्टेशनचं प्रोटेक्शन (बिघाड झाला की पुरवठा तोडणारी यंत्रणा) बघणारा आणि चिपच्या आत ट्रान्झिस्टर बसवणारा, दोघांची पदवी एकाच विभागातून येते, पण त्यांचे दिवस एकमेकांशी कुठेच जुळत नाहीत.

मी पॉवर सिस्टिम्समध्ये आहे. आमच्याकडे ड्रॉइंगवर सही करण्याचा अधिकार हा खरा मुद्दा असतो. अमेरिकेसारख्या देशात त्यासाठी पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परवाना लागतो. त्याचा सरळ रस्ता म्हणजे मान्यताप्राप्त बॅचलर्स, मग एफई ही मूलतत्त्वांची परीक्षा, मग काही वर्षांचा अनुभव आणि शेवटी पीई परीक्षा. आता गंमत अशी की तिथली अ‍ॅबेट ही संस्था मुख्यतः बॅचलर्सचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देते. बहुतेक मास्टर्स तिच्या यादीत नसतात. म्हणजे भौतिकशास्त्र अधिक इलेक्ट्रिकल मास्टर्स असा माणूस हुशार असला, कामात उत्तम असला, तरी परवान्याच्या वेळी त्याला आपला एकेक विषय मांडून दाखवावा लागतो. काही राज्यांत ते सहज होतं, काही राज्यांत वर्षं जातात.

उलट तुम्ही इन्व्हर्टर बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन करणार असाल तर सहीचा प्रश्न सहसा येतच नाही. तिथे मास्टर्सचं वजन जास्त.

अनंतश्रेणी
मी हे विषय शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

"पाया" या शब्दाने सगळ्यांना घाबरवलं जातं, पण तो कशाचा ते कोणी उलगडून सांगत नाही. इलेक्ट्रिकलमध्ये विषयांची साखळी असते. कॅल्क्युलस, त्यावर डिफरन्शियल इक्वेशन्स, त्यावर सर्किट्स, त्यावर सिग्नल्स अँड सिस्टिम्स, आणि मग तिथून कंट्रोल, कम्युनिकेशन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स असे फाटे फुटतात. बाजूने इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सची वेगळी शाखा चालते, ती मशीन्स आणि अँटेना यांच्याकडे जाते. मधली कडी गाळून पुढची घेता येत नाही. दोन कड्या एकाच सत्रात उरकायच्या म्हटल्या तरी बहुतेकदा जमत नाही. मास्टर्सला ही साखळी जवळपास पूर्ण आहे असं धरून शिकवतात.

एक उदाहरण देतो. मास्टर्सच्या वर्गात फॉल्ट अ‍ॅनालिसिस, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर किती करंट वाहील याचा हिशेब, चालू आहे. १० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, दुय्यम बाजू ११ केव्ही, इम्पिडन्स ८ टक्के. मागचा स्रोत अमर्याद धरला, तर दुय्यम बाजूला थ्री-फेज फॉल्ट झाल्यावर करंट किती? शिकवणारा फळ्यावर दोन ओळी लिहितो: पूर्ण भाराचा करंट ५२५ अँपिअर, भागिले ०.०८, म्हणजे साधारण ६५६० अँपिअर. झालं, पुढचा मुद्दा. ज्याने बॅचलर्स केलंय त्याला ८ टक्के म्हणजे काय, वर्गमूळ तीन कुठून आलं, स्रोत अमर्याद धरणं म्हणजे काय सोडून देणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. बाहेरून आलेला विद्यार्थी हुशार असला तरी तिथेच थांबतो, आणि तो थांबलेला असताना वर्ग पुढे निघून जातो.

हे एका संध्याकाळी शिकता येतं. अवघड मुळीच नाही. पण अशा शंभर गोष्टी असतात आणि त्या एकाच सत्रात अंगावर येतात. म्हणून "बॅचलर्स की मास्टर्स" असं विचारण्याऐवजी "माझ्या साखळीतल्या किती कड्या तयार आहेत" असं विचारा. त्याचं उत्तर मार्कशीटमध्ये असतं.

नीलाई, तुमच्या पदवीचे विषय इथे लिहिता का? नुसती नावं नकोत, त्यांत काय शिकवलं तेही लिहा.

पाऊलवाट
मी हाच रस्ता चालले आहे, भौतिकशास्त्रातून थेट मास्टर्सला, म्हणून लिहिते.

गणिताचा त्रास झाला नाही. फूरिए, लॅप्लास, मॅक्सवेलची समीकरणं ही सगळी ओळखीची होती. खरं तर विद्युतचुंबकीय फील्ड्सच्या वर्गात मीच इतरांना समजावून सांगायचे. त्रास झाला तो दोन ठिकाणी. एक म्हणजे मशीन्स. थ्री-फेज, सिंक्रोनस मशीन, इंडक्शन मोटरचं स्लिप, यातलं भौतिकशास्त्राच्या पदवीत आम्हाला काहीही नव्हतं. दुसरं म्हणजे लॅब. आमच्या प्रयोगांत उपकरण तयार असायचं आणि आपण मोजायचं. इथे उपकरण आपणच उभं करायचं. ऑसिलोस्कोपचा प्रोब दहापटीवर आहे की एकपटीवर, ग्राउंडची क्लिप कुठे लावली, डिकपलिंग कपॅसिटर चिपच्या पायाशेजारी आहे की लांब, अशा बारीक गोष्टींवर सर्किट चालणं न चालणं ठरतं. बरोबरचे विद्यार्थी हे चार वर्षं हाताने करून आलेले होते.

माझ्या विद्यापीठाने प्रवेश देताना चार ब्रिज विषय, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणारे विषय, घालून दिले होते: सर्किट्स, इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल्स आणि मशीन्स. त्यांचे क्रेडिट मास्टर्समध्ये धरले गेले नाहीत, मात्र त्यात ठरावीक श्रेणी मिळवणं बंधनकारक होतं. हा काळ धरला तर मास्टर्स नेहमीपेक्षा बरंच लांबलं. तरी पुन्हा पूर्ण बॅचलर्स करण्यापेक्षा कमीच. माझ्यासाठी हा निर्णय बरोबर ठरला. पण ब्रिज विषय नसते आणि मला थेट पुढच्या वर्गात बसवलं असतं तर मी हेच म्हटलं असतं असं वाटत नाही.

ठोकताळा
थोडं वेगळं मत मांडतो. मी एम्बेडेडमध्ये (उपकरणांच्या आतले छोटे संगणक बनवण्याच्या कामात) आहे, माणसं निवडायच्या समितीवरही बसतो. आमच्याकडे पदवीची पातळी ही पहिली चाळणी असते, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही. मुलाखतीत आम्ही विचारतो, बोर्ड बनवलाय का? स्वतः स्कीमॅटिक काढलंय का? चाललं नाही तेव्हा काय केलं? ज्याने एक छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) घरी बनवून, त्याचा रिपल (आउटपुटमधला चढउतार) मोजून, लेआउट सुधारून पुन्हा मोजलाय, तो माझ्या दृष्टीने नुसत्या मास्टर्सवाल्याच्या पुढे. त्यामुळे पातळीवर इतकं डोकं लावण्यापेक्षा आज सोल्डरिंग सुरू करा असं मी म्हणेन.

चुंबकसूची
@ठोकताळा, एम्बेडेडमध्ये हे खरं आहे हे मान्य. पण नीलाईंनी ग्रिड म्हटलंय. आमच्या क्षेत्रात कोणी घरी सबस्टेशन बांधून दाखवू शकत नाही. बिघाड ओळखणाऱ्या रिलेचं सेटिंग चुकलं तर ब्रेकर वेळेवर उघडत नाही आणि माणूस दगावू शकतो. इथे कागद बघतात तो उगाच नाही. जबाबदारी कोणाची हे ठरवण्याची ती पद्धत आहे.

ठोकताळा
ग्रिडच्या बाबतीत मान्य. माझं म्हणणं उपकरणं बनवणाऱ्या बाजूपुरतं घ्या.

काठावरचा
धागा वाचतोय. मध्येच घुसतो, क्षमस्व. माझी पदवी वाणिज्य शाखेची आहे. नोकरी हिशेबाची, पण इलेक्ट्रिकलचं मनापासून वेड आहे. माझ्यासाठीही मास्टर्सचा रस्ता आहे का? काही ऑनलाइन मास्टर्स "कुठल्याही शाखेचा पदवीधर चालेल" म्हणतात.

अनंतश्रेणी
@काठावरचा, क्षमस्व कशाला, प्रश्न धाग्यातलाच आहे.

स्पष्ट सांगतो, कारण यात तुमची वर्षं आणि पैसा दोन्ही गुंतणार आहेत. तुमच्यासाठी मास्टर्स नको. तुमच्याकडे साखळीची पहिली कडीच नाही. कॅल्क्युलसपासून सुरुवात करून ब्रिज विषय घ्यायला लागलात तर जवळपास निम्मं बॅचलर्स होतं, आणि ते करूनही हातात बॅचलर्सचा मान नाही. मग सरळ बॅचलर्सच का करू नये? पहिल्या पदवीतले भाषा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांसारखे विषय पुष्कळ ठिकाणी क्रेडिट म्हणून धरले जातात, त्यामुळे चार वर्षं पूर्ण लागतीलच असं नाही. मात्र साखळीतले विषय क्रमानेच घ्यावे लागतात, त्यामुळे क्रेडिट कितीही वाचले तरी एका मर्यादेखाली काळ कमी होत नाही. हे प्रवेश घेण्याआधी सत्रवार कागदावर मांडून बघा.

"कुठलाही पदवीधर चालेल" असं म्हणणाऱ्या कार्यक्रमाचे विषय एकेक करून तपासा. त्यात इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, सिग्नल्स, लॅब काहीच नसेल आणि व्यवस्थापनाचेच विषय भरलेले असतील, तर त्याच्या नावात इलेक्ट्रिकल असून उपयोग नाही.

आणि काहीही ठरवण्याआधी एक सत्र कॅल्क्युलस घ्या. ते आवडलं तर पुढचं सगळं शक्य आहे. वयाची काळजी करू नका. माझ्या वर्गात नोकरी करून आलेली मंडळी असतात आणि प्रश्न तीच चांगले विचारतात.

काठावरचा
मनापासून आभार. असं थेट कोणी सांगितलं नव्हतं. कॅल्क्युलसपासून सुरू करतो.

सातासमुद्रा
देशाबाहेर काम करण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. पातळीचा अर्थ देशागणिक बदलतो.

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या देशांतल्या संस्थांनी वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डवर सह्या केल्या. एकमेकांनी मान्यता दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या समतुल्य धरायच्या असा तो करार. पुढे अनेक देश त्यात आले, भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. यातली मेख अशी की करार इंजिनिअर म्हणून पहिली दारं उघडणाऱ्या पदवीबद्दल आहे, आणि तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातली असली तरच. वर नुसतं मास्टर्स जोडून हा लाभ आपोआप मिळत नाही. टेक्नॉलॉजिस्टच्या पातळीसाठी सिडनी अ‍ॅकॉर्ड (२००१) आणि तंत्रज्ञांच्या पातळीसाठी डब्लिन अ‍ॅकॉर्ड (२००२) असे वेगळे करार आहेत. डिप्लोमाचा विचार करणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. ते काम कमी मोलाचं मुळीच नाही, फक्त दार वेगळं आहे.

ब्रिटनमध्ये गणित वेगळं. तिथे चार्टर्ड इंजिनिअर व्हायला साधारणपणे मास्टर्सच्या पातळीपर्यंतचं शिक्षण अपेक्षित असतं, म्हणजे एकसंध एमईंग (बॅचलर्स-मास्टर्स एकत्र असलेली पदवी) किंवा मान्यताप्राप्त बॅचलर्सवर पुढचं शिक्षण. बॅचलर्सवर इन्कॉर्पोरेटेड इंजिनिअर होता येतं. युरोपातल्या बहुतेक देशांत बॅचलर्स १८० ते २४० ईसीटीएस (युरोपातली सामाईक पद्धत) क्रेडिटचं आणि मास्टर्स ६० ते १२० चं. जर्मनीसारख्या ठिकाणी मास्टर्सच्या प्रवेशाला पहिली पदवी विषयाशी किती जुळते हे बारकाईने पाहतात. भौतिकशास्त्रवाल्यांना काही ठिकाणी अटींवर घेतात, काही ठिकाणी घेत नाहीत. अर्ज करण्याआधी त्या विभागाला मार्कशीट पाठवून विचारलेलं बरं.

मृदुंगमणी
+१. सातासमुद्रा, वाचनखूण साठवली आहे.

नीलाई
सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल अशी अपेक्षा नव्हती.

@चुंबकसूची, तुमच्या प्रश्नावर विचार केला. मला ग्रिडच्या प्रोटेक्शनपेक्षा इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर यांचं डिझाइन जास्त ओढतं. सह्या करायची हौस नाही.

@अनंतश्रेणी, माझे विषय असे: कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस. विद्युतचुंबकत्व दोन सत्रं, मॅक्सवेलपासून तरंगांपर्यंत, पण ट्रान्समिशन लाइन नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं एक सत्र, त्यात डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अ‍ॅम्प. सर्किट्स वेगळा विषय म्हणून नव्हता, विद्युतचुंबकत्वातच आरसी, आरएलसी येऊन गेलं. सिग्नल्स, कंट्रोल, मशीन्स, थ्री-फेज: काहीच नाही. प्रॉबॅबिलिटी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समध्ये जेवढी आली तेवढीच.

अनंतश्रेणी
तुमची मार्कशीट वाचून बरं वाटलं. तुम्ही बॅचलर्स पुन्हा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साखळीचा जड भाग, गणित आणि फील्ड्स, तुमच्याकडे आहे. मधल्या दोन-तीन कड्या नाहीत आणि त्या नेमक्या कोणत्या तेही दिसतंय.

एक चाचणी देतो, घरी करून बघा. १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडा, आउटपुट कपॅसिटरवर घ्या. ५ व्होल्टची स्टेप दिली तर १ मिलिसेकंदाने आउटपुट किती? आणि त्याच सर्किटला १५९ हर्ट्झची साइन वेव्ह दिली तर अँप्लिट्यूड आणि फेज काय? पहिलं डिफरन्शियल इक्वेशनने सोडवा, नंतर लॅप्लासने. दुसरं फेझरने, म्हणजे साइन वेव्हची अँप्लिट्यूड आणि फेज एकाच कॉम्प्लेक्स संख्येत मांडून. पहिल्याचं उत्तर साधारण ३.१६ व्होल्ट यायला हवं. दुसऱ्यात आउटपुट इनपुटच्या ०.७०७ पट आणि ४५ अंश मागे. आता खरा प्रश्न: या दोन उत्तरांमागे एकच आकडा आहे, तो कोणता, आणि तो दोन्हीकडे कसा दिसतो? हे कागदावर न लिहिता तोंडी सांगता आलं तर सर्किट्स-१ तुम्हाला लागत नाही.

नीलाई
केलं. टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद. स्टेपमध्ये तेवढ्या वेळात ६३ टक्के गाठलं जातं, आणि त्याचा व्यस्त म्हणजे सेकंदाला १००० रेडियन, तो २ पायने भागला की १५९ हर्ट्झ. पहिले दोन भाग लगेच आले. फेझरचं मात्र उघडून बघावं लागलं, आम्ही ते कॉम्प्लेक्स इम्पिडन्स म्हणून शिकलो होतो पण वापरलं फार कमी.

अनंतश्रेणी
मग सर्किट्स-२ पासून सुरू करा. फेझर सवयीचा होईल. तो वापरात आणला तो स्टाइनमेट्झ या इंजिनिअरने, १८९३ मध्ये, आणि तोही मुळात गणिताचा विद्यार्थी होता. बाहेरून येणाऱ्यांनी या विषयाला दिलेलं काही कमी नाही.

पाऊलवाट
नीलाई, इन्व्हर्टरकडे जायचं असेल तर कंट्रोल हा विषय टाळू नका, ऐच्छिक असला तरी घ्या. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटमध्ये) एक विचित्र गोष्ट होते. आउटपुट वाढवायला ड्युटी सायकल, म्हणजे स्विच चालू राहण्याचा वाटा, वाढवली की आउटपुट आधी क्षणभर खाली जातं आणि मग वर येतं. कारण स्विच जास्त वेळ चालू, म्हणजे करंट वाहू देणाऱ्या अवस्थेत राहिला की तेवढा वेळ इंडक्टरची ऊर्जा आउटपुटकडे जात नाही. याला कंट्रोलमध्ये उजव्या अर्ध्या प्रतलातला झीरो म्हणतात. घाईने कंट्रोलचा लूप जलद केला तर कन्व्हर्टर डोलायला लागतो. ऊर्जेच्या हिशेबाने तुम्हाला हे लगेच कळेल, पण त्यावर उपाय बोडे प्लॉट (वारंवारतेनुसार प्रतिसादाचा आलेख) आल्याशिवाय करता येत नाही. माझा अर्धा पहिला प्रकल्प यातच गेला, आणि विषय आवडायला लागला तोही यातूनच.

ठोकताळा
हे उत्तम लिहिलंत. आणि हे ब्रेडबोर्डवर करू नका, स्विचिंग सर्किटला लांब तारा सोसत नाहीत. छोटा बोर्ड बनवून घ्या.

मृदुंगमणी
एक उपप्रश्न: मास्टर्स करताना थीसिस घ्यावा की फक्त विषय? आणि पीएचडीचा विचार?

पाऊलवाट
बाहेरून आलेल्यांनी थीसिस किंवा निदान मोठा प्रकल्प घ्यावा असं मला वाटतं. विषय शिकून कमतरता भरते, पण हाताची सवय प्रकल्पानेच लागते, आणि नोकरीच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी स्वतःचं असतं. पीएचडी संशोधनच करायचं असेल तर. शाखा बदलण्याचं साधन म्हणून ती फार लांबची वाट आहे.

चुंबकसूची
नीलाई, तुम्ही डिझाइनकडे जाताय तर मास्टर्सला माझंही अनुमोदन. फक्त एक करा: पुढे कधी परवान्याची गरज पडू शकेल अशा देशात राहणार असाल तर ब्रिज विषय क्रेडिट नसलेले वर्ग म्हणून उरकू नका. रीतसर नोंदणी करा, श्रेणी मार्कशीटवर येऊ द्या आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जपून ठेवा. परवान्यासाठी जेव्हा शिक्षण तपासतात तेव्हा बॅचलर्सच्या पातळीवरचे इंजिनिअरिंगचे किती क्रेडिट आहेत तेच मोजतात. वर्षांनी विद्यापीठाकडून जुना अभ्यासक्रम मिळवणं भारी कटकटीचं असतं.

नीलाई
हे माझ्या लक्षातही आलं नसतं. तसंच करते.

ठरवलंय ते असं: नोकरी चालू ठेवून आधी सर्किट्स-२ आणि सिग्नल्स रीतसर नोंदणी करून घ्यायचे. ते नीट झाले की ब्रिज विषय देणाऱ्या मास्टर्सना अर्ज करायचा, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये. थ्री-फेज आणि मशीन्स ब्रिजमध्ये होतील. शेवटचा प्रश्न: सर्किट्स-२ आणि सिग्नल्स एकाच सत्रात घेऊ की एकामागून एक?

अनंतश्रेणी
तुमचं गणित पाहता एकाच सत्रात चालतील. लॅप्लास दोन्हीकडे येतो, त्यामुळे एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडतो. पण नोकरी सांभाळून दोन जड वाटले तर सर्किट्स आधी. आणि सर्किट्स लॅबसकट असलेलंच निवडा. ऑनलाइन, सिम्युलेशनवर भागवणारं पुष्कळ ठिकाणी मिळतं, पण तुमची उणी बाजू हाताचीच आहे.

नीलाई
मग या सत्रात फक्त सर्किट्स, लॅबसकट. नावनोंदणी सुरू झाली की इथे कळवते.